मुंबई ते न्यूयॉर्क : अंतराचा आणि वेळेचा हिशेब

उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या आपल्या मुलामुलींचे पालक आम्हांला हमखास विचारतात, "अमेरिका नेमकी किती लांब?" या प्रश्नात भूगोलाची जिज्ञासा थोडी आणि काळजी फार असते. म्हणूनच त्याचे उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, ते आगबोटीने, कित्येक आठवड्यांचा प्रवास करून. घरच्या पत्रालाही तेवढाच काळ लागे. नियमित प्रवासी विमानसेवा जगात तेव्हा सुरूच व्हायची होती.

या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे ती वाट जवळची नव्हे. उलट दीड हजार किलोमीटरांहून अधिक लांबची आहे. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांना जोडणारा दोरा ताणून धरला, की तो मध्य आशिया, रशिया आणि स्कँडिनेव्हियावरून वर चढून उत्तर अटलांटिकमार्गे खाली उतरतो. हीच सर्वांत जवळची वाट. प्रत्यक्षात मात्र वारे, हवामान आणि बंद असलेल्या हवाई हद्दी पाहून विमानाला थोडे वळसे घ्यावे लागतात.

ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने हे अंतर 14 तासांत संपावे. तथापि उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते बहुधा समोरून येतात, म्हणून थेट विमानाला 15 ते 16 तास लागतात. परतताना तेच वारे साहाय्य करतात आणि वेळ वाचतो. वाटेत विमान बदलायचे असल्यास एकूण प्रवास 20 तासांच्याही पुढे जातो.

घड्याळाचा हिशेब निराळा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळी वेळ लागू असताना साडेनऊ तास. हिवाळ्यात मुंबईहून रात्री 1 वाजता निघालेले विमान 16 तासांनी उतरते, तेव्हा येथे सायंकाळचे 5 वाजलेले असतात. तेथे मात्र त्याच दिवसाची सकाळ, साडेसहा. मुलाचा दूरध्वनी दिवसभर आला नाही, तर पालकांनी घाबरू नये. तो अजून आकाशातच असतो. पुढेही, आपली सकाळ साडेसहाची, तेव्हा त्याची आदल्या दिवसाची रात्र, आठची. दोघांनाही निवांत बोलता येईल अशी ही वेळ आहे.

आठवड्यांचा प्रवास आता तासांवर आला आहे. परंतु पाड्यावरच्या, तांड्यावरच्या किंवा वस्तीवरच्या घरापासून विमानतळाच्या दारापर्यंतचे अंतर कोणतेही विमान कमी करीत नाही. ते शिक्षणानेच कापावे लागते, आणि त्या वाटेवर सोबत करण्यासाठीच आपले वसतिगृह व शाळा उभी आहे.