नुसतं बोलून काय होते?



केनवड भागातल्या एका गटाच्या बैठकीतली गोष्ट. एक ताई सलग तीन बैठकांना आल्या नव्हत्या. नियमाप्रमाणे गटानं त्यांना प्रत्येक गैरहजेरीचे १० रुपये दंड लावला. चौथ्या बैठकीला त्या आल्या, दंडाचे ३० रुपये सतरंजीवर ठेवले आणि कोणाकडे न पाहता बसल्या. बैठक संपल्यावर मी त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत गेले, तेव्हा समजलं. त्यांचा तरुण मुलगा आजारी होता. भिंतीपलीकडून शेजारी आपल्याला शिव्या देतात, असं तो म्हणायचा. रात्र रात्र झोपायचा नाही. त्याला एकटं सोडून ताई बैठकीला येणार तरी कशा?

औषधं सुरू झालेली होती. डॉक्टरांनी समुपदेशकाकडेही जायला सांगितलं होतं. ताईंनी मला विचारलं, "मॅडम, गोया तं चालूच हायेत. मंग नुसतं बोलून काय होते, सांगा बरं?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देते. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, म्हणून नाव-गाव दिलेलं नाही.

हा आजार काय आहे?

आपल्याकडे याला "वेड लागलं", "बाहेरचं लागलं", "कोणी करणी केली" असं म्हणतात. डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात. त्यातला जास्त काळ चालणारा आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया. कोणी नसताना आवाज ऐकू येणं, घरचेच जेवणात काही कालवतात असा पक्का संशय, एकट्यानं पुटपुटणं, अंघोळ-जेवण सुटणं, माणसांत मिसळणं बंद होणं ही त्याची लक्षणं. आवाज ऐकणारा माणूस खोटं बोलत नसतो. तुम्हाला माझा आवाज जसा ऐकू येतो, तसाच त्याला तो ऐकू येतो.

हा आजार दुर्मीळ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजार मोठ्या माणसांमागे साधारण चार जणांना त्या वेळी असा आजार होता. म्हणजे मोठ्या गावात अशी पाच-दहा घरं असणारच. आपल्याला दिसत नाहीत, कारण दार लावलेलं असतं.

आधी औषध, सोबत बोलणं

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. या आजारात बोलण्याचा उपचार औषधाच्या सोबत असतो, औषधाच्या ऐवजी नाही. औषधानं आवाज आणि संशय कमी होतात, झोप लागते. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद केल्या, तर आजार उलटण्याची भीती मोठी असते. गोळ्यांनी जास्त सुस्ती येत असेल, हातपाय ताठत असतील, वजन वाढत असेल, तर डॉक्टरांना सांगा. ते औषध बदलतात किंवा कमी-जास्त करतात.

मग बोलणं कशासाठी? आवाज कमी झाले तरी भीती उरते. शिक्षण, काम, लग्न मोडलेलं असतं. घरचे थकलेले असतात. हे गोळीनं भरून येत नाही.

बोलण्याचा उपचार म्हणजे काय?

उपदेश करणं म्हणजे उपचार नव्हे. याचे मुख्य दोन प्रकार आहेत.

पहिला, आजारी माणसासोबतचा. शिकलेला समुपदेशक त्याच्याशी वाद घालत नाही. आवाज कधी येतात, काय म्हणतात, आले की तू काय करतोस, हे विचारतो. बरेचदा दिसतं की झोप झाली नाही, घरात भांडण झालं किंवा माणूस एकटा बसला की आवाज वाढतात. मग आवाज आला की काय करायचं, हे दोघं मिळून ठरवतात. कोणी गाणं गुणगुणतं, कोणी उठून कामाला लागतं, कोणी जवळच्याशी बोलतं. "आवाजानं सांगितलं ते करावंच लागते का?" हेही हळूहळू तपासून पाहतात. हे एका भेटीत होत नाही. इंग्लंडमधल्या सरकारी मार्गदर्शनात यासाठी किमान १६ बैठका सांगितल्या आहेत.

दुसरा, घरच्यांसोबतचा. आजार समजावून सांगणं, गोळ्यांचं पाहणं, भांडण न होता बोलायचं कसं, आजार उलटतोय हे ओळखायचं कसं, हे सगळ्या घराला शिकवतात. लंडनमध्ये फार पूर्वी अभ्यास झाले. ज्या घरांत आजारी माणसाला सतत टोचून बोललं जातं, राग राग केला जातो, तिथं आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो असा नाही. आईला तर अजिबात दोष देऊ नका. एवढंच, की घरातलं बोलणं शांत झालं तर आजाराला पुन्हा डोकं वर काढायला जागा कमी मिळते.

फायदा होतो तरी किती?

खरं सांगायचं तर जादू होत नाही. आवाजांसाठीच्या समुपदेशनाचा फायदा बऱ्याच अभ्यासांत थोडाच दिसला आहे. घरच्यांसोबतच्या कामानं आजार उलटणं कमी होतं, याचा पुरावा जास्त चांगला आहे.

आपल्या महाराष्ट्रातलंच एक काम सांगते. सातारा, गोवा आणि तामिळनाडूतलं कांचीपुरम अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांसोबत एक अभ्यास झाला. गोव्याची 'संगाथ' आणि चेन्नईची 'स्कार्फ' या संस्था त्यात होत्या. सगळ्यांना दवाखान्याचे उपचार मिळत होते. त्यातल्या १८७ जणांच्या घरी त्याशिवाय प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्तेही जात. ते डॉक्टर नव्हते, तुमच्या-माझ्यासारखीच माणसं होती. ते आजार समजावून सांगत, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का पाहत, रोजच्या कामाची सवय परत लावत आणि लोकांना बचत गटांशी, सरकारी योजनांशी जोडून देत.

वर्षभरानंतर या लोकांची लक्षणं आणि अडचणी नुसत्या दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा थोड्या जास्त कमी झाल्या. सगळ्यात चांगला फरक कांचीपुरमच्या ग्रामीण भागात पडला. हे निष्कर्ष २०१४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

पण एका गोष्टीत फरक पडला नाही. लोक त्यांना जे वाईट वागवत होते, ते तसंच राहिलं. मला हे वाचून आपल्या दंडाचे ३० रुपये आठवले. कार्यकर्ता घरात जाऊन बोलू शकतो, पण दाराबाहेरचं वागणं गावानंच बदलायचं असतं.

घरात कसं बोलायचं?

इथं माझी चूक सांगते. पहिल्या दिवशी मीच त्या ताईंना म्हटलं होतं, "त्याला ठणकावून सांगा, असं काही नसते." ताईंनी तसं सांगितलं. मुलाला वाटलं, आईपण शेजाऱ्यांना सामील झाली. दोन दिवस तो तिच्या हातचं जेवला नाही. मी समाजकार्य शिकले, तरी घाईत चुकले. नंतर समुपदेशकानं ताईंना दुसरं वाक्य शिकवलं. ते त्यांनी आपल्या बोलीत करून घेतलं: "तुले ऐकू येते, मले नाही येत. पन तुले भेव वाटते, हे मले समजते. चाल, मी बसतो तुह्याजवळ." त्या रात्री तो जेवला.

ध्यानात ठेवायच्या गोष्टी:

- भास खरा की खोटा यावर वाद घालू नका. "हो, मलापण ऐकू येते" असं खोटंही बोलू नका. भीती ऐकून घ्या.
- एका वेळी एकानं, हळू आणि छोट्या वाक्यात बोला.
- "काम कर" म्हणण्यापेक्षा एक छोटं काम सोबत करा. तूर निवडणं, बकरीला चारा टाकणं, काहीही चालेल.
- जमलं त्याचं कौतुक करा. आज अंघोळ केली, एवढंही पुरे.
- चारचौघांत त्याच्याबद्दल, त्याच्यासमोर बोलू नका.
- झोप उडाली, संशय वाढला, गोळ्या टाळू लागला, तर वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.
- स्वतःची झोप आणि जेवण सांभाळा. सांभाळणारी बाई पडली तर घर पडते.

कुठं जायचं?

आशाताईला सांगा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. मानसोपचाराची सोय वाशिमला जिल्हा रुग्णालयात आहे. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस नंबर आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

दोन वेळा थांबू नका. माणूस जीव द्यायचं किंवा कोणाला मारायचं बोलत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बाळंतिणीला पहिल्या काही आठवड्यांत भास व्हायला लागले, झोप उडाली, ती बाळाबद्दल भलतंसलतं बोलू लागली, तर ती तातडीची वेळ समजा. तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक बाया चांगल्या बऱ्या होतात.

बऱ्याच घरचे सैलानीला जातात. श्रद्धा तुमची आहे, मी कोण बोलणार? फक्त गोळ्या पिशवीत सोबत ठेवा, एकही दिवस चुकवू नका. आणि मारणं, उपाशी ठेवणं, साखळीनं बांधणं कुठंच होऊ देऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आजारी माणसाला साखळीनं बांधायला मनाई आहे.

आता गटानं काय करायचं?

त्या ताईंचा मुलगा पूर्ण बरा झाला, असं मी लिहिणार नाही. आवाज अजून येतात. पण तो सांगतो, "आज जास्त हायेत." सांगतो, हीच मोठी गोष्ट. सोयाबीन काढायला तो वडिलांसोबत चार दिवस शेतात गेला.

आणि गटानं ३० रुपये परत केले. सोबत ठराव लिहिला: घरात आजारी माणूस असलेल्या सदस्येला दंड नाही. बैठकीच्या दिवशी शेजारची एक सदस्या तिच्या घरी थांबेल, पाळी लावून. पहिल्या पाळीला ज्या मावशी गेल्या, त्या आधी त्या घराच्या ओसरीवरपण चढत नव्हत्या. परत आल्यावर म्हणाल्या, "चांगला बोलते पोरगा. आमच्या आंब्याचं इचारत होता."

नुसतं बोलून काय होते, हे ताईंनी विचारलं होतं. एवढं होते.

येत्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा आणि असा ठराव आपल्याही गटात घेता येईल का, ते ठरवा. ठराव झाला की मला कळवा, मी येते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, केनवड