पोच

सकाळी ६:१०
पिशवी रात्रीच भरलेली असते, तरी निघताना एकदा उपसून बघते. गोष्टीचा कागद, शिक्षण हक्क कायद्याची मराठी प्रत, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, कार्बन पेपर. कार्बन मागितला की दुकानदार हल्ली माझ्या तोंडाकडे बघतो. सरकारी शाळा सुधाराव्यात म्हणून आमची पाच जणांची संस्था ना खोल्या बांधते, ना दप्तरं वाटते. गावानं लिहून मागावं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, एवढ्यासाठी आम्ही फिरतो.

नांदेडच्या बसस्थानकापर्यंत नीटच्या क्लासची होर्डिंग सोबत करतात. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं, आता नांदेडही मागे नाही. होर्डिंगवरच्या हसऱ्या पोरांपैकी कोण पहिलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलं होतं, ते मात्र कुणी छापत नाही. एसटीत खिडकी मिळते. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. संस्थेच्या प्रवासखर्चाला तेवढाच हातभार.

सकाळी ८:४५
मन्याड खोऱ्यातलं गाव. सोयाबीनची काढणी चालू असल्यामुळे घरं रिकामी, अंगणात म्हाताऱ्या आणि कोंबड्या. काढणी उरकली की गावातले कोयते उठणार. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्य असलेल्या एक ताई बांधावर भेटतात.

"यंदा किती घरं जायलेत?"

"आमच्या गल्लीतली सात. उचल घेतली की, ताई."

"कागद केला का मुकादमानं?"

"केला. अंगठा आमचा, कागद त्याच्यापाशी."

त्या हे तक्रार म्हणूनही सांगत नाहीत. जगाची रीतच तशी, असा त्यांचा सूर. "लेकरं कुठं ठिवू?" हा प्रश्न मात्र त्या मलाच परत करतात. आईबाप ऊसतोडीला गेले तरी लेकरू गावात राहावं, शाळा सुटू नये, यासाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. पण स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी आणि समितीचा ठराव वेळेत वर गेला पाहिजे. कोयते उठल्यावर ठराव गेला, तर वसतिगृहात ठेवायला लेकरू उरत नाही. म्हणून आज रात्री बैठक. दिवसा बोलावली तर कुणाची मजुरी बुडवायची?

सकाळी १०:३०
परिपाठ संपतो. पहिली ते पाचवी, पट ४१, आणि उभे गुरुजी एकच. दुसरे जूनपासून प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या शाळेत आहेत. कायद्याच्या परिशिष्टात साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक, असं साधं वाक्य आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. म्हणजे तो या शाळेतल्या सगळ्यात मोठ्या पोरापेक्षाही मोठा.

गुरुजी एका हातानं फळ्यावर पाढा लिहितात, दुसऱ्या हातातला फोन वाजतो. आजच्या आज लिंक भरायची आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढं सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये, असं कलम २७ सांगतं. लिंक भरणं त्यात येतं की नाही, हा वाद गुरुजींनी केव्हाच सोडलाय. "ताई, तुम्ही ठराव घ्या. मी मागितलं तर कुरकुर होते, पालकांनी मागितलं तर मागणी होते." हे वाक्य मी वहीत उतरवून घेते.

दुपारी १२:१५
व्हरांड्यात गोष्टीचा कागद काढते. देशभर घरोघर जाऊन होणाऱ्या 'असर'च्या पाहणीसारखीच आमची रीत: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. त्या पाहणीत एका जिल्ह्यातली तीस गावं आणि गावागणिक वीस घरं असतात. आम्हाला मात्र याच शाळेतलं प्रत्येक लेकरू हवं असतं, कारण जिल्ह्याच्या टक्केवारीत आईला आपली पोर दिसत नाही.

चौथीतली एक मुलगी शब्दांपर्यंत नीट येते, परिच्छेदात अडखळते. हातच्याची वजाबाकी चुकते.

"दिवाळीनंतर कुठं होतीस गं?"

"फडावर."

"तिथं काय करायचीस?"

"धाकट्याला सांभाळायची. मोळ्या मोजायची."

मोजायला ती शिकली आहे. नुसता हातचा राहिला, आणि तो ज्या महिन्यांत शिकवला त्या महिन्यांत ती इथं नव्हती. खिचडीची घंटा होते. पाचवीपर्यंतच्या लेकराला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य. ताट घेऊन ती सगळ्यांच्या आधी रांगेत.

दुपारी २:३०
पंचायत समिती. मागच्या महिन्याचा ठराव घेऊन मी तिसऱ्यांदा आले आहे. साहेब बैठकीला गेलेले. टेबलावरचे बाबू म्हणतात, "ठेवून जा."

"पोच द्या, मग ठेवते."

"इतकं काय त्यात? गावातल्या बायकांना कुठली एवढी पोच?"

शब्दावर कोटी झाली, हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मी खुर्ची ओढून बसते. वीस मिनिटांनी शिक्का उमटतो: आवक क्रमांक, तारीख, सही. आता महिन्याभरात हललं नाही, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज टाकता येईल: या क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली? क्रमांक नसेल तर विचारायचं कशाबद्दल?

संध्याकाळी ४:४५
परतीच्या गाडीला वेळ आहे. चहा घेताना सोबतचा नवा कार्यकर्ता विचारतो, नुसत्या कागदानं काय होतं? मी त्याला नांदेडचीच गोष्ट सांगते. तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांचा पट तपासला आणि बोगस हजेरी उघडी पडली. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, लेकरांच्या बोटाला शाई लावून. लाखो नावं नुसती कागदावरची निघाली. खोटा कागद शाळा फुगवू शकतो, तसा खरा कागद शाळा वाचवूही शकतो.

कारण आता भीती उलटी आहे. तीस सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात. वीसच्या आतल्या शाळांची माहिती सरकारनं २०२२ मध्ये मागवली, पुढे समूह शाळांचा विषय निघाला. तेव्हापासून लहान गावांना आकड्याची धास्ती आहे. फडावर गेलेलं लेकरू परत येईपर्यंत शाळा जागेवर राहील का, ही शंका बोलून दाखवत नाही कुणी.

रात्री ७:५०
मारुतीच्या पारावर बल्ब लावलाय. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, असं कायदा म्हणतो. कागदावर त्या असतातच. एरवी इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते आणि बैठक झाली असं धरतात. आज माणसं आली, वही जागेवर राहिली.

पहिला ठराव: प्रतिनियुक्तीवरचे शिक्षक परत द्यावेत. दुसरा: हंगामी वसतिगृह सुरू करावं, सोबत लेकरांची यादी. बोलण्याला ऊत येतो. पाणी, रस्ता, गळकी खोली, सगळं निघतं. मी एवढंच म्हणते, "लिहायचं काय ते सांगा." मग शांतता होते आणि एकेक वाक्य घडायला लागतं. सचिव म्हणून गुरुजी लिहून घेतात, मी मोठ्यानं वाचते. अध्यक्ष सही करण्याआधी एक शब्द बदलायला लावतात: "विनंती" काढा, "मागणी" लिहा.

रात्री ९:३०
शेवटची एसटी गेली, मुक्काम इथंच. सकाळच्या ताई अंगठा उठवतात, पदराला बोट पुसतात, पण उठत नाहीत.

"ह्याच्या खालची प्रत कुणाला?"

"संस्थेच्या फाइलला."

"मला द्या. त्या कागदाची नाही मिळाली, ह्याची तरी घरात असू द्या."

मी पुन्हा कार्बन घालते. गुरुजी ठराव पहिल्या ओळीपासून परत लिहायला घेतात.