गुणांचा रोजमेळ

व्यापारी घरात गल्ला मोजला म्हणून दिवस संपत नाही. रोजमेळ जुळला म्हणजे संपतो. त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी व्यवस्थापन शिक्षणाची प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा देऊ लागली, की मात्र हा नियम विसरला जातो. गेल्या वर्षी गुण कमी पडले म्हणून नवी पुस्तके येतात, नवा क्लास लागतो, अभ्यासाचे तास वाढतात. गुण नेमके कोठे गळाले, हे तपासणे तेवढे राहून जाते.

भारतीय व्यवस्थापन संस्थांची ‘कॅट’ परीक्षा साधारणतः नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तिचे तीन विभाग असून प्रत्येकास ४० मिनिटे मिळतात. अचूक उत्तरास ३ गुण मिळतात. पर्यायी प्रश्न चुकल्यास १ गुण वजा होतो. उत्तर स्वतः टंकित करावयाच्या प्रश्नांना ही वजावट नाही.

एका विद्यार्थ्याने ४० पर्यायी प्रश्न सोडवले. २४ बरोबर आले, १६ चुकले. त्याचे गुण ५६. पुढील सरावपरीक्षेत त्याने ३०च प्रश्न हाती घेतले. २४ बरोबर, ६ चूक. गुण झाले ६६. नवे काहीही न शिकता दहा गुण वाढले, ते केवळ कोणता प्रश्न सोडावा हे कळल्याने. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत चुकीबद्दल गुण कापले जात नाहीत. तेथे प्रश्न कोरा ठेवणे हाच तोटा. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने दोन्हींचा सराव वेगळा ठेवावा.

म्हणून नियोजनाचा आरंभ एका वहीने व्हावा. प्रत्येक सरावपरीक्षेनंतर प्रत्येक चूक चारांपैकी एका खात्यात लिहावी: संकल्पना ठाऊक नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न घाईने वाचला, किंवा नको त्या प्रश्नात वेळ गेला. पाच-सहा परीक्षांनंतर कोणते खाते फुगले ते दिसते. पहिल्या खात्यास पुस्तक हवे, दुसऱ्यास रोजचा सराव; उरलेल्या दोहोंस संयम. तपासणीला परीक्षेइतकाच, किंबहुना अधिक वेळ द्यावा.

जूनपासून रोज दोन तास मिळत असतील, तर ऑगस्टअखेर गणिताचा पाया आणि नियमित वाचन साधावे. सप्टेंबरपासून आठवड्यास एक पूर्ण सरावपरीक्षा द्यावी. दिवाळीत दुकानातील गर्दी आणि परीक्षेची घाई बहुधा एकाच सुमारास येतात. त्या दिवसांचा अभ्यास आधीच उरकावा. अखेरच्या पंधरवड्यात नवा विषय उघडू नये.

येथे घराचेही कर्तव्य आहे. सरावपरीक्षेहून परतलेल्या मुलास ‘किती गुण पडले?’ असे विचारले, की तो कमी गुण लपवू लागतो. लपवलेली चूक वहीत उतरत नाही, आणि पुन्हा घडते. ‘आज कोणती चूक सापडली?’ असे आईवडिलांनी विचारावे. दुसऱ्या प्रयत्नाचे वर्ष तरुण मनाला जड जाते. तोट्याचा दिवसही रोजमेळात निःसंकोच लिहिणाऱ्या घराने आपल्या मुलांना तेवढा विश्वास अवश्य द्यावा.