पदरावरचा ब्रोच आणि हातातली पावती

उल्हासनगरला गाडीत चढले, की अंबरनाथ-बदलापूरपर्यंत पुष्कळदा उभ्यानेच जावे लागते. गर्दीत पदर घसरतो, कुणाच्या पिशवीत अडकतो. म्हणून बाया खांद्यावर पदराला पिन लावतात. हीच पिन नटली, तिच्यावर फूल आले, खडा आला, की तिला ब्रोच म्हणतात.

ही रीत जुनी आहे. ज्ञानदानंदिनी देवी टागोर 1864 साली मुंबईस आल्या. त्यांनी पारशी बायकांचे साडी नेसणे पाहिले. त्यावरून त्यांनी नवी पद्धत बसवली आणि ती बंगालात नेली. त्या नेसणीत पदर डाव्या खांद्यावर घेऊन ब्रोच लावीत.

आता काही कारागीर ब्रोचसाठी चिनी मातीचे फूल करतात आणि त्यात खडे बसवतात. हे कसं करतात बरं?

चिनी माती म्हणजे केओलिन नावाची पांढरी माती. आपल्या कोकणात, सिंधुदुर्गात ती सापडते. तिच्यात गारगोटीची आणि फेल्डस्पार नावाच्या दगडाची पूड मिसळतात. मळून पातळ पाकळ्या करतात. त्या सुकवून भट्टीत भाजतात. भट्टीचा ताव 1200 ते 1400 अंश सेल्सियस असतो. भाजताना माती आकसते, शेकडा दहा-पंधरा भाग तरी. म्हणून खड्याची जागा आधीच मोठी ठेवावी लागते.

मग खडा आधीच का बसवीत नाहीत? कारण चांदी 961 अंशांवर वितळते, सोने 1064 अंशांवर. जांभळ्या खड्याचा रंग तर त्याहून कमी तावावरच उडतो. मोती जळूनच जातो. तेव्हा आधी माती भाजायची, मग धातूचे कोंदण करायचे आणि खडा शेवटी बसवायचा. दाब कोंदणावर द्यायचा, मातीवर नाही. अंबरनाथचे शिवमंदिर सुमारे 1060 सालचे. तिथल्या दगडाचा टवका उडाला तर तो परत जोडता येत नाही. भाजलेल्या चिनी मातीचेही तसेच.

आता घेणाऱ्याचे बघू. समजा, बदलापूरच्या एका बाईने भिशीच्या पैशातून सोन्याचा ब्रोच घेतला. तराजूवर वजन भरले 12 ग्रॅम. त्यात माती आणि खडे मिळून 5 ग्रॅम. मग सोने किती? फक्त 7 ग्रॅम. तिने 12 ग्रॅमला सोन्याचा भाव दिला, तर 5 ग्रॅम सोन्याचे पैसे मातीत गेले!

म्हणून पावतीवर एकूण वजन, खड्या-मातीचे वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहून मागा. घडणावळही वेगळी मागा. दागिन्यावर तीन खुणा पाहा: भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा (22 कॅरटला 916) आणि सहा अक्षरे-आकड्यांचा क्रमांक. हा क्रमांक 2021 साली आला. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. कुंदन, पोलकी, जडाऊ काम आणि 2 ग्रॅमपेक्षा हलके दागिने यांना या नियमातून सूट आहे. तिथे पावती अधिकच नीट वाचा.

खुणा बारीक असतात. दुकानदाराकडे भिंग मागा, लाजू नका. पैसे आपले, कष्ट आपले. मग वाचायचेही आपणच.