आधी पाण्याची वाट, मग झाड

१९५९ साली बिल मॉलिसन टास्मानियाच्या दमट जंगलात वन्यप्राण्यांचा अभ्यास करत होते. प्राणी चरतात, झाडे वाढतात, आणि कुणी खत-पाणी न घालताही जंगल हिरवे राहते. अशी रचना माणसाला अन्नासाठी का उभारता येऊ नये, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. डेव्हिड होमग्रेन हा तरुण विद्यार्थी १९७४ मध्ये त्यांना भेटला आणि १९७८ मध्ये दोघांचे ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक आले. निसर्गासारखी स्वतःला सांभाळणारी शेतीची रचना म्हणजे पर्माकल्चर. पुढे हा विचार जगभर पसरला. २०१७ ची त्याची आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबादला भरली होती.

रासायनिक खत बंद केले की पर्माकल्चर झाले, असा समज आपल्याकडे रुजला आहे. तो अपुरा आहे. कोणती गोष्ट कुठे ठेवायची आणि तिचे शेजारी कोण, हा या पद्धतीचा गाभा. रोज लागणारी कोथिंबीर आणि कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दाराशी. त्यापलीकडे कोंबड्या, मग फळझाडे, मग धान्याचे शेत, त्यानंतर चारा आणि सरपण. अगदी शेवटचा तुकडा रानासाठी मोकळा. कोंबडी नुसती अंडी देत नाही. ती किडे वेचते, माती उकरते, खत टाकते. तिची जागा चुकली, तर हीच कामे आपल्याला हाताने करावी लागतात.

पण या सगळ्याच्या आधी पाणी. ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोरडवाहू गावातही एका एकरावर वर्षाला सुमारे २० लाख लिटर पाणी पडते! त्यातले बरेचसे उतारावरून पळून जाते आणि जाताना माती नेते. तीन काठ्या, एक दोरी आणि एक दगड एवढ्या सामानात ए-फ्रेम तयार होते. तिने समान पातळीवरचे बिंदू शोधून चर खोदायचा, निघालेली माती खालच्या बाजूला टाकायची आणि त्या बांधावर झाडे लावायची. पाणी चरात थांबते, जिरते, मुळांपर्यंत जाते. पाणलोटाची कामे झालेल्या आपल्या गावांना समतल चर नवा नाही. मात्र त्या बांधावर शेवगा, सीताफळ, गिरिपुष्प लावून तिथूनच अन्न, चारा आणि पालापाचोळा मिळवणे अनेक ठिकाणी राहून जाते.

गोव्यातले कुळागर याच विचाराचे जुने, जिवंत रूप आहे. डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याचे पाणी पाटाने फिरवलेले. वर माड आणि पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी, मध्ये केळी आणि जायफळ, खाली अननस, हळद, सुरण. प्रत्येक मजल्यावर वेगळे पीक आणि वेगळ्या हंगामाचे उत्पन्न. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून मांडलेला, दहा गुंठ्यांत कुटुंबाची गरज भागवण्याचा हिशेबही याच्या जवळचा आहे.

कर्जात असलेल्या कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याने एका वर्षात सारे रान पालटावे, असे मी म्हणणार नाही. फळझाडे उत्पन्नाला यायला काही वर्षे जातात आणि घर तोवर चालले पाहिजे. दोन-चार गुंठ्यांचा कोपरा मात्र बहुतेकांना काढता येईल. चर उन्हाळ्यात खोदायचे असतात, पण उतार पावसाळा संपताच पाहून ठेवा. यंदाचे पाणी कुठून वाहिले, त्याच्या खुणा बांधावर तेव्हा अजून दिसत असतात.