ज्येष्ठांची हालचाल आणि घरातील सेन्सर

वृद्ध रुग्णाला घेऊन आलेल्या नातेवाइकांना डॉक्टर विचारतात, "यांचे चालणे केव्हापासून कमी झाले?" उत्तर बहुधा "पडल्यापासून" असे मिळते. वस्तुतः चालणे त्याआधी कित्येक आठवडे मंदावलेले असते. ओट्यावर येऊन बसणे कमी होते, दुपारचे पडणे लांबते, रात्री लघवीला उठण्याच्या फेऱ्या वाढतात. हे इतक्या सावकाश घडते की, घरातल्यांच्याही ध्यानात येत नाही. मग मुले नाशिक-पुण्याला असतील तर बोलायलाच नको. आई फोनवर "मी बरी आहे" एवढेच सांगते.

हा सावकाश होणारा बदल टिपण्यासाठी घरात सेन्सर बसविण्याची पद्धत गेल्या दोन-अडीच दशकांत पुढे आली. जपानमधील झोजिरुशी कंपनीने २००१ साली चहाच्या पाण्याची एक विजेची किटली आणली. म्हाताऱ्या माणसाने ती वापरली की नाही, हे दूरच्या मुलांना कळत असे. अमेरिकेत ओरेगन राज्यातील संशोधकांनी घराच्या छताला ओळीने सेन्सर लावून चालण्याचा वेग रोजच्या रोज मोजला. हा सेन्सर म्हणजे कॅमेरा नव्हे. आपल्या शरीरातून अवरक्त किरण सतत बाहेर पडतात. समोरून कोणी गेले की त्यांतील बदल यंत्र ओळखते आणि वेळेची नोंद करते. त्यात चेहरा नाही, आवाज नाही. यंत्र तुलना करते ती त्याच व्यक्तीच्या मागील महिन्याशी, शेजाऱ्याशी नव्हे. आणि त्याची खरी उपयुक्तता येथेच आहे.

वेगाला एवढे महत्त्व का? २०११ मध्ये ६५ वर्षांवरील ३४,४८५ व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. चालण्याचा वेग आणि पुढील आयुर्मान यांचा निकट संबंध त्यात आढळला. हृदय, फुप्फुसे, सांधे, डोळे आणि मेंदू या सर्वांना मिळूनच पाऊल टाकावे लागते. यांपैकी एकही थकले तरी ते चालीत उमटते.

तथापि बंद सदनिकेसाठी घडविलेले हे तंत्र सायखेड्याच्या घरात जसेच्या तसे चालेल, असे मानू नये. एकत्र कुटुंबात सेन्सर आजोबांसोबत नातवंडांच्याही फेऱ्या मोजतो. उन्हाळ्यात भिंती तापल्या की त्याची नजर मंदावते. निफाड तालुक्याची थंडी तर प्रसिद्धच आहे. जानेवारीत म्हातारी माणसे शेकोटी सोडत नाहीत, म्हणून कमी झालेली प्रत्येक हालचाल आजार ठरत नाही. जो दिवसभर मळ्यात असतो, त्याच्यासाठी भिंतीवरच्या यंत्रापेक्षा खिशातला, पावले मोजणारा मोबाइल बरा. आजी किंवा आजोबा एकटेच राहतात, अशा घरी मात्र सेन्सरची नोंद विश्वासार्ह ठरते.

त्याहून मोठा प्रश्न इशाऱ्यानंतरचा आहे. २०१६ व २०१९ साली गोदावरीच्या पुराने सायखेडा-चांदोरी परिसराला वेढले होते. अशा दिवशी पुण्यातील मुलाच्या मोबाइलवर संदेश गेला, तरी दार ठोठावणार कोण? म्हणून यंत्र घेण्याआधी पायी पोहोचू शकेल अशा शेजाऱ्याचे नाव ठरवावे व घराची एक किल्ली त्याच्याकडे द्यावी. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांची संमती सर्वांआधी घ्यावी. आपल्यावर पाळत आहे असे सासूबाईंना वाटले, तर ते यंत्र दुसऱ्याच दिवशी टोपलीखाली जाईल!

ज्यांना सेन्सर परवडत नाही, त्यांनी घरात वा अंगणात सपाट जागी ४ मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा ओढाव्यात. ज्येष्ठांनी थोडे अलीकडून नेहमीच्या चालीने यावे, घाई करू नये. सोबत एकाने आधारास राहावे. दोन रेघांमधील वेळ घड्याळावर मोजावी. ५ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास, म्हणजेच वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी भरल्यास, अथवा मागील महिन्यापेक्षा ठळक फरक दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. दर महिन्याच्या एक तारखेला हा आकडा दिनदर्शिकेवर लिहावा आणि तपासणीस येताना ती पाने सोबत आणावीत.