वर्दीवर किती लिहायचं?

अमेरिकेचे दोन सैनिक शेजारी शेजारी उभे आहेत, असं समजा. दोघंही रोजच्या कामाच्या, रंगीत ठिपक्यांच्या वर्दीत. पहिला यूएस आर्मीचा. त्याच्या डाव्या बाहीवर सध्याच्या तुकडीचा बिल्ला आहे. उजव्या बाहीवर देशाचा झेंडा, आणि त्याखाली ज्या तुकडीबरोबर तो युद्धात गेला होता तिचा बिल्ला. एखादं खडतर प्रशिक्षण पार केलं असेल, तर त्याची कमानदार पट्टी वेगळीच. दुसरा आहे मरीन कोअरचा. त्याच्या दोन्ही बाह्या कोऱ्या! छातीवर आडनावाची एक पट्टी, 'यू. एस. मरीन्स' अशी दुसरी, कॉलरवर हुद्द्याचं चिमुकलं काळं चिन्ह आणि खिशावर गरुड, पृथ्वीगोल व नांगर यांचं बोधचिन्ह. पॅराशूटसारखं एखादं कौशल्य कमावलं असेल तर त्याचा बिल्ला तेवढा वाढतो. हा कुठल्या डिव्हिजनचा, कुठं लढून आला, याचा मात्र पत्ता लागत नाही. देश एक, सरकार एक, मग एकाची बाही भरगच्च आणि दुसऱ्याची रिकामी का?

हे कोडं सोडवायला निघालं की आपण थेट समुद्रावर जाऊन पोचतो, २१ ऑक्टोबर १८०५ या दिवशी. ट्रफाल्गरची लढाई पेटली आहे आणि ब्रिटिश नौसेनापती होरॅशियो नेल्सन 'व्हिक्टरी' जहाजाच्या डेकवर येरझारा घालत आहेत. अंगात निळा कोट, डाव्या छातीवर मानाचे चार तारे. हे तारे धातूचे नव्हते. रुपेरी जर आणि टिकल्या वापरून ते कोटावरच भरलेले होते. जहाजाचे सर्जन विल्यम बीटी अस्वस्थ होते. तारे रुमालानं झाकून घ्या, असं नेल्सनना सांगावं हे त्यांच्या मनात घोळत होतं, पण तशी संधीच मिळाली नाही. भर दुपारी 'रदूताब्ल' या फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवरून एक गोळी आली, नेल्सन यांच्या डाव्या खांद्यातून शिरली आणि कण्यात रुतली.

बंदूकधाऱ्यानं ताऱ्यांवर नेम धरला होता, की धुरात अंदाजानं गोळी झाडली? इतिहासकार अजून वाद घालतात. तो कोट मात्र लंडनच्या ग्रिनिचमधल्या संग्रहालयात आहे आणि डाव्या खांद्याजवळचं भोक स्पष्ट दिसतं. आणि ती गोळी? ती विंडसरच्या राजवाड्यात जपून ठेवली आहे. तिला अजूनही सोनेरी जर चिकटलेली आहे. नेल्सन यांच्या खांद्यावर हुद्द्याचं जे झुबकेदार भूषण होतं, त्यातली ही जर. हुद्द्याची खूण गोळीबरोबर देहात शिरली! मला तरी वर्दीच्या सगळ्या इतिहासात याहून थरारक वस्तू माहीत नाही.

म्हणजे वर्दीवरची प्रत्येक खूण हा मजकूर आहे. आपल्या माणसांसाठी लिहिलेला, पण शत्रूलाही वाचता येणारा. दारावरची पाटी पोस्टमनला उपयोगी पडते तशी चोरालाही. वर्दीवर किती लिहायचं हे ठरवताना प्रत्येक सैन्याला पोस्टमन आणि चोर दोघांचाही विचार करावा लागतो.

मग पूर्वीचे सैनिक लालभडक कोट घालून रणात उतरत, ते कसे? त्यांना जिवाची भीती नव्हती का? होती की! पण तेव्हाच्या काळ्या दारूची गंमत अशी, की जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात मागे उरतो. त्याचाच तो दाट पांढरा धूर. चार फैरी झडल्या की रणांगणावर धुकं दाटे आणि आपला कोण, परका कोण हेच कळेनासं होई. त्या धुक्यात लाल कोट जीव वाचवत असे, निदान आपल्याच माणसाच्या गोळीपासून.

पुढं १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं बिनधुराची दारू तयार केली. दोन वर्षांत ती फ्रेंच लष्कराच्या नव्या रायफलीत आली आणि बघता बघता जगभर पसरली. रणांगणावरचा पडदाच उठला! आता शेकडो मीटरवरून माणूस लख्ख दिसू लागला, आणि गोळी मारणारा मात्र दिसेना, कारण त्याचा ठावठिकाणा सांगणारा धूरच उरला नव्हता. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या माउझर रायफलींसमोर ब्रिटिशांना हा धडा मिळाला. बोअर नेमबाज आधी अधिकारी टिपत. मग अधिकाऱ्यांनी तलवारी मागे ठेवल्या, चकाकणारी चिन्हं झाकली आणि साध्या सैनिकासारखी रायफल हातात घेतली. स्कॉटिश हायलँडर्सनी आपल्या घागरेदार किल्टवर पुढून खाकी फडकं बांधलं. आजही रणभूमीवर अधिकाऱ्याला सलाम ठोकू नये असा दंडक अनेक सैन्यांत आहे, तो याचसाठी. सलाम म्हणजे शत्रूच्या नेमबाजाला दाखवलेलं बोटच.

इथवर सगळं सरळ वाटतं. शत्रू वाचतो, म्हणून पुसून टाका. पण सगळेच एका रंगाचे, बिनखुणांचे झाले की दुसरीच पंचाईत उभी राहते. हजारो माणसांच्या गोंधळात आपली तुकडी शोधायची कशी? १९१८ साली अमेरिकेच्या ८१ व्या डिव्हिजननं बाहीवर रानमांजराचं चित्र शिवलं आणि ती फ्रान्समध्ये उतरली. बाकीच्यांनी तक्रार केली, हे कुठलं नवीन फॅड? पण खुणेमुळे माणसं एकत्र राहतात आणि त्यांना हुरूपही चढतो, हे सेनापती जॉन पर्शिंग यांना पटलं. ऑक्टोबर १९१८ मध्ये त्यांनी इतर डिव्हिजनांनाही आपापले बिल्ले ठरवायला सांगितलं. पहिल्या सैनिकाच्या भरगच्च बाहीचं मूळ त्या रानमांजरात आहे.

आणि आता या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता भाग. शत्रू आपले बिल्ले वाचतोच आहे ना? मग त्याला खोटं वाचायला दिलं तर? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं नेमकं हेच केलं. सुमारे ११०० माणसांची एक तुकडी उभारली, त्यात चित्रकार आणि डिझाइनर भरले. पुढं फॅशनच्या दुनियेत गाजलेले बिल ब्लास त्यांतलेच एक. हवा भरलेले रबरी रणगाडे, लाउडस्पीकरवर रणगाड्यांचा रेकॉर्ड केलेला घरघराट, खोटे वायरलेस संदेश, सगळा सरंजाम त्यांच्याकडे होता. पण सुई-दोराही तितकाच महत्त्वाचा! आज या डिव्हिजनचे बिल्ले बाहीवर शिवायचे, जीपच्या बंपरवर तिचीच खूण रंगवायची, गावातल्या कॅफेत जाऊन बसायचं आणि हेराच्या कानावर पडेल अशा बेतानं गप्पा मारायच्या. काम झालं की बिल्ले उसवायचे आणि दुसरे शिवायचे. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाईन नदीच्या काठी त्यांनी दोन अख्ख्या डिव्हिजनांचं सोंग वठवलं, आणि अमेरिकी फौजांनी नदी खरोखर ओलांडली ती दुसरीकडून. या 'घोस्ट आर्मी'चं काम पुढं कित्येक दशकं गुप्त राहिलं. अमेरिकी संसदेचं सुवर्णपदक तिला समारंभानं दिलं गेलं ते २०२४ मध्ये.

मग मरीनची बाही कोरी का? शत्रूच्या भीतीनं? नाही, आणि इथं गोष्ट अनपेक्षित वळण घेते. मरीनसुद्धा बिल्ले लावत. ग्वाडलकनालच्या लढाईचं नाव मिरवणारा पहिल्या मरीन डिव्हिजनचा निळा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा बिल्ला प्रसिद्धच आहे. महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, मरीन कोअरनं बाहीवरचे सगळे तुकडी-बिल्ले काढून टाकले. त्यामागची धारणा अशी, की तू अमुक डिव्हिजनचा नाहीस, तू मरीन आहेस, आणि तेवढी ओळख पुरे. त्यांच्या आजच्या वर्दीचं कापड नाकाजवळ धरून पाहिलं, तर ठिपक्यांच्या नक्षीत तेच गरुड-पृथ्वी-नांगराचं चिन्ह इवल्याशा आकारात जागोजागी छापलेलं सापडतं. शिवलेला बिल्ला गेला, पण कापडच बिल्ला झालं!

कोरेपणाचा याहून टोकाचा प्रयोग चीननं केला. १९६५ साली तिथल्या सैन्यातले हुद्देच रद्द झाले. टोपीवर लाल तारा, कॉलरवर लाल पट्ट्या, सगळ्यांना सारख्या. समता आली? लोकांनी खिसे मोजायला सुरुवात केली. अधिकाऱ्याच्या कोटाला चार खिसे असत, साध्या सैनिकाच्या कोटाला दोन. खिशांवरून माणसाची पायरी कळू लागली. १९७९ मध्ये व्हिएतनामशी युद्ध जुंपलं तेव्हा मात्र खिसे पुरले नाहीत. अनोळखी तुकड्या एकमेकींत मिसळल्यावर हुकूम कुणाचा मानायचा, याचा घोळ झाला. १९८८ मध्ये हुद्दे आणि त्यांची चिन्हं परत आली.

आपल्याकडेही नुकताच असा एक निर्णय झाला, आणि त्याचं कारण आणखी निराळं. भारतीय सेनेत अधिकारी कोणत्या रेजिमेंटचा हे त्याच्या टोपीवरून, खांद्यावरच्या दोरीवरून, बकलावरून कळतं. रायफल रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांचे तर खांद्यावरचे तारेही काळे असतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत वाढलेल्या अधिकाऱ्याला आपल्या पलटणीची निशाणी किती प्रिय असते, हे त्या घरांतली माणसंच सांगू शकतील. पण १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या हुद्द्यांच्या अधिकाऱ्यांच्या अंगावरून रेजिमेंटच्या या खुणा उतरल्या. सर्वांची बेरेट एक, हुद्द्याची चिन्हं, बकल आणि बूट एकसारखे, दोरी नाहीच. त्या पायरीवर माणूस अनेक रेजिमेंटच्या जवानांचं नेतृत्व करतो, मग त्याच्या अंगावर एकाच घराण्याची खूण का असावी? इथं मजकूर पुसला तो शत्रूसाठी नाही, आपल्याच जवानांसाठी. कर्नलपर्यंतच्या अधिकाऱ्यांच्या खुणा तशाच राहिल्या.

आणि रशिया-युक्रेन युद्धात काय दिसलं पाहा. दोन्ही बाजूंचे गणवेश एकमेकांशी इतके मिळतेजुळते, की दुरून कोण कुणाचा हे ओळखणं कठीण. म्हणून दोघांनीही दंडावर, मांडीवर, हेल्मेटवर रंगीत चिकटपट्ट्या गुंडाळल्या. युक्रेनच्या सैनिकांच्या निळ्या, पिवळ्या, हिरव्या. रशियनांच्या पांढऱ्या, लाल. लपण्यासाठी इतकी मेहनत घेऊन छापलेल्या कापडावर भडक पट्टी! ज्या कामासाठी एकेकाळी लाल कोट होता, तेच काम आता चिकटपट्टीचं एक रीळ करतं. शत्रूनं तोच रंग वापरायला सुरुवात केली, तर पट्टी फाडून दुसऱ्या रंगाची लावायला मिनिटभरही लागत नाही.